साफ, अर्धवट, नाही

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या डायरीत रोजची पहिली नोंद या तीन शब्दांपैकी एक असते. त्याखाली दुधाचा हिशेब, रक्तदाब, कोण येऊन गेलं, वीजबिल भरलं की नाही. पण वरची ओळ पोटाची. बँकेकडून फुकट मिळालेल्या अशा तीसेक डायऱ्या त्यांच्या कपाटात ओळीने उभ्या आहेत. आई गेली त्या दिवसाचं पान मी एकदा चोरून पाहिलं. वर ‘नाही’. खाली, ‘हिचं पहाटे ४-२० ला.’ बाकी पान कोरं.

तेव्हा मला फार राग आला होता. आता येत नाही, कारण ‘कसं चाललंय’ याचा आमच्या घरातला अर्थच ‘साफ झालं का’ असा आहे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यालाही दुसऱ्या दिवशी चहाबरोबर हा प्रश्न मिळतो. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर चौथ्या दिवशी मिळाला, आणि तो कपातच बघत राहिला. गंमत अशी की परसाकडे, शौचाला, दोन नंबरला, प्रातर्विधी अशी या कामाची आपल्याकडची नावं सगळी आडून बोलणारी. निकाल मात्र एकाच शब्दात: साफ. माझं भांडण आता याच शब्दाशी आहे. मोरी साफ होते, डबा साफ होतो. आतड्यात कायम काही ना काही असतंच, आणि ते असायचंच. पण एकदा ‘साफ’ हा शब्द ठरला, की आतून घासूनपुसून काढल्यासारखं वाटेपर्यंत माणूस ‘अर्धवट’ लिहीत राहतो. डॉक्टरांच्या हिशेबात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, त्रास न होता, कुंथायला न लागता झालं तर ते ठीक. हा हिशेब मी अण्णांना सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पस्तीस टक्क्यांना पास करणाऱ्या शाळेत मी शिकवत होते. (मी शिकवतही होते, पण ते वेगळं.)

या सगळ्याचं मूळ नारायण पेठेतल्या वाड्यात असावं. अकरा बिऱ्हाडं आणि मागच्या अंगाला तीन संडास. त्यातल्या मधल्याची कडी आतून लागायची नाही, त्यामुळे गाणं म्हणत बसावं लागे. पहाटेपासून टमरेलांची रांग. बाहेर कोणी खाकरलं की आतल्याने उरकायचं. अण्णा साडेआठला सायकलवर टांग मारायचे. तोवर नंबर लागला नाही तर तसेच जायचे, आणि कचेरीतल्या संडासात पाऊल टाकायचं नाही हा त्यांचा बाणा. असं रोज दाबून धरलं की हळूहळू भरल्याची जाणीवच बोथट होते. मळ आत पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी ओढून घेत राहतं, तो आणखी कडक होतो. आयुर्वेदात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत त्यात हाही आहे, आणि अण्णांना तेराच्या तेरा पाठ होते.

औषधाची पहिली ओळख मात्र आजीने करून दिली. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी ती आम्हा पाच भावंडांना ओसरीवर ओळीने बसवायची. सुंठीचा कोरा चहा, त्यावर एरंडेलाचा पिवळसर तवंग, कपाच्या कडेला चिकटलेलं तेल. नाक आजी स्वतः दाबायची. ‘एरंडेल प्यायल्यासारखं तोंड’ हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं तो अशाच एखाद्या ओळीत बसलेला असणार. एरंडेलातून लहान आतड्यात रिसिनोलेइक आम्ल सुटं होतं आणि तेच आतड्याला ढवळून काढतं, म्हणून दोन ते सहा तासांत काम होतं. म्हणजे त्या दुपारी वाड्यात पाच पोरं आणि तीन संडास. आता रोजच्या बद्धकोष्ठाला कोणी एरंडेल देत नाही, आणि गरोदर बाईला तर द्यायचंच नाही, कारण त्याने गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. आजी मात्र संध्याकाळी समाधानाने म्हणायची, “कोठा धुऊन निघाला.” बघा, इथेही धुणंच.

अण्णा चूर्णाचे. आधी मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून कागदाच्या पुडीत, पुढे तयार डब्यातून. डब्यावर हिरवं पान, ‘संपूर्ण नैसर्गिक’, आणि मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात घटक. इतकी वर्षं तो डबा मी भरून ठेवला, पण मागची बाजू गेल्या वर्षी पहिल्यांदा वाचली, तीही भिंग लावून. पहिलं नाव सोनामुखी. बाजारातल्या कितीतरी चूर्णांचा खरा जोर तिचाच असतो. ओवा, सैंधव, ज्येष्ठमध ही वऱ्हाडी मंडळी. हल्ली वजन उतरवायचे जे चहा मिळतात त्यातल्या अनेकांतही हीच असते. त्याने काट्यावर जे उतरतं ते पाणी, कारण अन्नातले उष्मांक लहान आतड्यात आधीच शोषले गेलेले असतात आणि सोनामुखी काम करते पुढे, मोठ्या आतड्यात.

सोनामुखी जगभर ‘तिन्नेवेल्ली सेन्ना’ म्हणून जाते, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावावरून. पानातलं द्रव्य पोटातून तसंच खाली येतं आणि मोठ्या आतड्यातले आपलेच जंतू ते फोडून जागं करतात. मग ते आतड्याला चिमटे काढतं, पाणी शोषू देत नाही. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलं की सकाळी. हिच्यात जादू नाही आणि ही विषही नाही. पण एक चक्र आहे, ते मला डायऱ्यांनी दाखवलं. साफ, नाही, नाही. साफ, नाही, नाही. पानंच्या पानं. जोराच्या रेचकाने आतडं पार रिकामं झालं तर पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जाणारच. त्या दिवसांत काही होत नाही, कारण आत काही नसतं. पण डायरीत ‘नाही’ पडलं की रात्री अर्ध्या चमच्याचा एक चमचा होतो. एकाचा दीड कधी झाला ते कुठेच लिहिलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर अण्णा मोरीपाशी पडले. पाठीचा मणका दबला. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, पडून राहा, असं ठरलं. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल, हाडांसाठी कॅल्शियम, हिमोग्लोबिन उतरलं होतं म्हणून लोह. तिन्ही गोळ्या आतडं जड करणाऱ्या. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं, ते आतड्याची चालच मंदावतं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी काय केलं, तर संधी साधून चूर्णाचा डबा माळ्यावर टाकला आणि मोठ्या शहाणपणाने इसबगोल सुरू केलं. चांगलं, सौम्य, गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारं, आपल्या आजीपणजीच्या ओळखीचं.

रोज रात्री दोन चमचे, अर्धा कप कोमट दुधात. अण्णांच्या हातात कप जाईपर्यंत त्याची लापशी व्हायची. ते चमच्याने खायचे. वर पाणी नको म्हणायचे, कारण रात्री वॉकर धरून संडासापर्यंत जाणं म्हणजे सिंहगड चढणं. मीही म्हटलं, राहू दे.

सहा दिवस ‘नाही’. सातव्या दिवशी पातळ झालं, चादरीला लागलं. मला हायसं वाटलं. दुपारपर्यंत चार वेळा झालं तेव्हा काळजी वाटली, आणि सहलीच्या औषधांच्या पाकिटात उरलेली जुलाब थांबवायची गोळी मी त्यांना दिली. संध्याकाळी आणखी एक. दहीभात, साबुदाण्याची पेज. अण्णांची देखभाल करायला वेल्ह्याकडच्या एक मावशी येतात. त्या कपडे बदलताना म्हणाल्या, “ताई, ह्ये जुलाब न्हाईत. आत दाट भरलंय न् कडंनं पाझरतंय.”

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी अण्णांना लघवी होईना, ओटीपोट टम्म. घरी येणारा आमचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याने पोट दाबलं, औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली, हातमोजा मागितला आणि मला म्हणाला, “काकू, जरा तिकडे बघा.” मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजत राहिले. अण्णा एकदाच “आई गं” म्हणाले. माझ्या वडिलांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तळाशी मळाचा गोळा अडकून दगड झाला होता. वरचा पातळ मळ त्याच्या कडेकडेने झिरपत होता, लघवीची वाटही त्यानेच दाबली होती. आणि मी वरून गोळी देऊन उरलंसुरलं चलनवलनही थांबवलं होतं. बोटाने काढता आलं तेवढं त्याने काढलं, नंतर सिस्टर येऊन एनिमा देऊन गेल्या. मावशी यातलं काही बोलल्या नाहीत. बादली घेऊन गेल्या.

हात धुऊन डॉक्टर बसला. “इसबगोल चांगलंच आहे,” तो म्हणाला. “पण तुम्ही सिमेंट ओतलंत आणि पाणी विसरलात.” इसबगोल पाणी धरून फुगतं, त्या फुगण्यानेच आतडं पुढे ढकलतं. पाणीच नाही तर ते नुसतं साठतं, घशात किंवा अन्ननलिकेतही अडकू शकतं. म्हणून मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी, आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. इतर औषधांपासून दोन तास लांब. गुण यायला बारा तासांपासून तीन दिवसही लागतात. आणि अफूवर्गातल्या औषधाने आतडं थंडावलेलं असताना, पडून असलेल्या माणसाला ते द्यायचंच नाही. चालत नसलेल्या रांगेत आणखी माणसं उभी करून काय होणार?

अण्णांना त्याने मॅक्रोगॉलची पुडी लावली. पाण्यात विरघळणारी पांढरी भुकटी. शरीरात जवळजवळ शोषली जात नाही, आपलं पाणी धरून तशीच खाली उतरते आणि मळ मऊ ठेवते. एक ते तीन दिवस लागतात. लॅक्टुलोजचं गोड औषधही याच जातीचं, फक्त त्याने वारा फार धरतो. अण्णांना दुसऱ्याच दिवशी धीर धरवेना. “हे औषध आहे की नवस?” त्यांनी विचारलं.

आणि याच्या जोडीला, ट्रॅमाडॉल चालू असेपर्यंत, रात्री एक छोटी गोळी. मी वेष्टण वाचलं: सेनोसाइड्स. म्हणजे सोनामुखीच! अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. “मी काय म्हणत होतो?” डॉक्टर म्हणाला, “आजोबा, तुमचं औषध बरोबर होतं. चमचा चुकीचा होता.” गोळीत किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. चूर्णाच्या चमच्यात या डब्यातून किती जातं आणि पुढच्या डब्यातून किती, कोण जाणे. सोनामुखीने आतडं कायमचं लुळं पडतं अशी एक मोठी भीती आहे, तिला म्हणावा तसा पुरावा नाही, असंही तो म्हणाला. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर काळपट होतं, ते बंद केल्यावर पुन्हा निवळतं. खरी भानगड पाण्याची आणि क्षारांची. अण्णांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी होती आणि दुसरीकडून चूर्ण, म्हणजे पोटॅशियम दोन दारांनी बाहेर. पडले त्या दिवशीच्या रिपोर्टात ते कमी होतं, खाली बाण काढलेला होता. त्यामुळेच पायातलं बळ गेलं आणि पडले, असं छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. तो बाण मी अजून विसरलेले नाही, एवढंच.

त्या दिवसापासून मी ओळखीपाळखीच्या घरातले औषधांचे डबे उघडायला लागले. वाईट सवय आहे, पण काय काय सापडतं! कोथरूडची आत्या बिसाकोडिल या रेचकाच्या दोन गोळ्या दुधाबरोबर घ्यायची, पोटाला त्रास नको म्हणून. त्या गोळीवर जो लेप असतो तो जठरात न विरघळता आतड्यात विरघळावा म्हणून दिलेला. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध बरोबर गेलं की तो आधीच फुटतो आणि पोटात पिळे पडतात. आत्या पिळे पडले की म्हणायची, लागू पडतंय. गोळी चावायचीही नसते. सकाळी झालं नाही तर दहा वाजता ती तिसरी घ्यायची, कारण पहिल्या दोघींना पोचायला वेळ लागतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या काकांच्या फडताळात पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियाच्या मिश्रणाची बाटली. काकांची किडनी नाजूक, आणि मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचंच. ते साठलं तर ग्लानी येते, हृदयाचे ठोके बिघडतात. पॅराफिनची तऱ्हा वेगळी. ज्यांना गिळताना ठसका लागतो अशा म्हाताऱ्यांच्या फुफ्फुसात ते तेल उतरलं तर न्यूमोनिया होतो. ही सगळी औषधं चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून ती औषधं आहेत हेच आपण विसरतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. साबणाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले की ते गुलाबी होतं, हा प्रयोग मी शेकडो वेळा केला असेल. ते फिनॉल्फ्थॅलीन विसाव्या शतकात बहुतेक काळ रेचक म्हणून विकलं जात होतं, चॉकलेटातूनसुद्धा, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोगाची शंका आली तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्याला बाद केलं. वर्गात सांगितलं असतं तर पोरांनी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली असती.

हसण्यावारी न्यायच्या नाहीत अशा गोष्टी डॉक्टरने मला बजावून सांगितल्या, त्या मी फ्रिजवर लावल्या आहेत. पोटात जोराची कळ, उलट्या, पोट फुगलेलं आणि वाराही सरत नाही, अशा वेळी रेचक द्यायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा; आतडं अडलेलं असलं तर रेचकाने घात होईल. रक्त पडतंय, वजन उतरतंय, पंडुरोग आहे, किंवा पन्नाशीच्या आसपास पोटाची जन्माची सवय अचानक बदलली, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून चूर्णावर दिवस काढायचे नाहीत. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी असेच आठ महिने काढले होते. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. थायरॉइड आळसावला तरी बद्धकोष्ठ होतं, कंपवाताच्या आजारात हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून होऊ शकतं. आणि लहान मुलांना मोठ्यांच्या डब्यातलं चिमूटभरही नाही. ही चिमूट आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

अण्णा आता काठी घेऊन खालच्या बागेपर्यंत जातात. ट्रॅमाडॉल सुटलं, त्याबरोबर रात्रीची गोळीही. पुडी मात्र आहे, रोज नाही, लागेल तशी. सकाळी चहा झाला की दहा मिनिटांत उठायचं, इच्छा असो-नसो, आणि कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यायचा. गुडघे वर आले की उकिडवं बसल्यासारखं होतं, तळाची वाट सरळ होते. पाट आमच्या घरातला जुनाच, पितळी फुलं ठोकलेला, पंगतीतला. आत्या आली तेव्हा तिने तो संडासात पाहिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

डायरीचं काय करायचं हा प्रश्न होता. डॉक्टरने त्यांना एक तक्ता आणून दिला, ब्रिस्टलच्या रुग्णालयातल्या लोकांनी तयार केलेला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला. मळाची सात रूपं, चित्रांसकट. १ म्हणजे सुट्ट्या कडक लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी, ३-४ उत्तम. अण्णांनी तो लॉगटेबल बघावं तसा बघितला, नवीन डायरीच्या पुट्ठ्याला आतून खळीने चिकटवला, आणि संक्रांतीपासून आकडे लिहायला लागले. मी अधूनमधून बघते. आता चोरून नाही. ते स्वतःच डायरी पुढे करतात, मावशींनाही वाचून दाखवतात. मावशी मान डोलावतात, “झ्याक.”

परवाच्या पानावर होतं: ‘४.’ पुढे कंसात, बारीक अक्षरात, ‘साफ नाही.’